कॅप्टन गायब होतात तो सीन

"पण मी जाते कुठे, ते सांग ना मला."

इंदुताई चौबळ सकाळपासून हा एकच प्रश्न घेऊन बसल्या होत्या. मेकअपवाल्याला विचारून झालं होतं, सहनट प्रधानला विचारून झालं होतं, आता माझी पाळी होती. पत्र्याच्या शेडखाली, चंदेरी रेक्झिनचा अंतराळवीराचा सूट घालून त्या घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि मांडीवरच्या हेल्मेटवर बोटांनी ताल धरत होत्या. सूट इतका गरम व्हायचा की आम्ही सगळे गळ्याजवळची चेन उघडी टाकून बसायचो. इंदुताईंची चेन मात्र वरपर्यंत लावलेली. वेश चढवला की तो सैल करायचा नाही, हे त्यांचं जुनं वळण.

"ताई, लिहिलंय ना स्क्रिप्टमध्ये, कॅप्टन गायब होतात."

"गायब होतात म्हणजे काय करतात? नीलू, मी विंगेत जाते तेव्हा मला माहीत असतं, मी माजघरात चाललेय की विहिरीवर चाललेय. माजघरात जाणारी बाई वेगळी पाठ फिरवते, विहिरीवर जाणारी वेगळी फिरवते. इथे मला कळायला नको? हा ग्रह मला गिळतो का? की त्या गोणपाटातल्या पोरांनी मला पळवलंय? चेहरा कुठला ठेवू मी?"

"गुप्तेंना विचारलंत?" गुप्ते हा आमचा दिग्दर्शक.

"विचारलं. म्हणाला, ताई, तुम्ही फक्त उभ्या राहा, बाकीचं कॅमेरा करेल." त्यांनी नाक मुरडलं. "कॅमेरा करेल म्हणे. मग मला कशाला बोलावलंस मेल्या, कॅमेऱ्यालाच सूट घाल."

मी हसले. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं.

ही गोष्ट टीव्हीवर एकच वाहिनी होती त्या काळातली. आमची मालिका अंतराळ मोहिमेची होती, मराठीतली त्या तऱ्हेची पहिलीच, आणि ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता ते शेजाऱ्यांकडे बसून ती बघायचे. यानात आम्ही चौघं. इंदुताई कॅप्टन, मी डॉक्टर, रमाकांत प्रधान आणि शिरीष हे दोघे शास्त्रज्ञ. इंदुताईंचा सगळा जन्म रंगभूमीवर गेला होता. मग कंपनी बंद पडली, वय झालं, आणि सांगलीच्या घरात त्या नातेवाइकांच्या लग्नात नांदी म्हणण्यापुरत्या उरल्या. गुप्तेने त्यांना कॅप्टन केलं तेव्हा त्यांच्या अंगात नव्याने जीव आला. त्या भाजी घ्यायला गेल्या की लोक त्यांना सलाम ठोकायचे आणि त्या तो गंभीर चेहऱ्याने परत करायच्या.

त्या दिवशीचा भाग असा होता. आमचं यान आरण्यक नावाच्या ग्रहावर उतरतं. तिथली माणसं अजून दगडाच्या युगात आहेत. आम्ही चौघं खाली उतरतो आणि एकेक करून नाहीसे होतो, सगळ्यांत आधी कॅप्टन. आरण्यक म्हणजे पुण्याबाहेरची एक बंद पडलेली दगडाची खाण. आदिमानव म्हणजे एका कॉलेजच्या नाट्यमंडळाची पोरं, गोणपाट गुंडाळलेली, अंगाला राख फासलेली, आणि मधल्या वेळात क्रिकेटचा स्कोअर विचारत फिरणारी.

माणूस गायब करायची गुप्तेची युक्ती साधी होती. कॅमेरा दगडावर पक्का बसवायचा. सीन चालू असताना तो ओरडायचा, "फ्रीज!" की आम्ही जिथे, जसे असू तसे थिजायचं. कॅमेरा बंद. मग ज्याला गायब व्हायचंय त्याने तेवढं फ्रेममधून चालत बाहेर यायचं. बाकीच्यांनी हलायचं नाही, पापणीसुद्धा नाही. तो बाहेर आला की कॅमेरा पुन्हा चालू. पडद्यावर दिसताना, आत्ता होता आणि आत्ता नाही.

म्हणजे आमचं काम काय, तर एक जण जात असताना हलायचं नाही.

सीन लागायला वेळ होता. माझ्या सुटाची बाही उसवली होती म्हणून मी सोपानदादांकडे गेले. ते आमचे ड्रेसवाले. सुई ओवता ओवता ते म्हणाले, "मॅडम, जरा ताईंच्या सुटाचं बघा की. पॅकअप झाल्याबरोबर माझ्या हातात आला पाहिजे. कमरेत भरपूर आत घ्यायचाय, उंचीला सोडायचाय. उद्या संध्याकाळपर्यंत म्हणतायत. कसा व्हायचा?"

"आत कशाला घ्यायचा? ताईंना बरोबर बसतोय."

"ताईंसाठी न्हाई हो. त्या नवीन मॅडमसाठी. त्या साबणाच्या जाहिरातीतल्या." माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांची सुई थांबली. "तुम्हाला म्हाईत न्हवतं? मला वाटलं सगळ्यांना म्हाईत हाय."

तळपायाची आग मस्तकात जाणे हे मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिलं होतं. खरंच जाते, हे त्या दिवशी कळलं.

गुप्ते कॅमेऱ्याजवळ उभा होता. खाणीच्या भिंतीची सावली कुठवर येते ते हाताने मोजत होता. मी सरळ विचारलं, "इंदुताई पुढच्या भागात परत येतात की नाही?"

त्याने इकडेतिकडे बघितलं आणि मला दंडाला धरून बाजूला घेतलं. "हळू बोल. कोणी सांगितलं तुला?"

"म्हणजे नाही येत."

"तुम्ही तिघं येता. कॅप्टन येत नाहीत. त्या गूढच राहतात. प्रेक्षकांना आवडतं असं."

"प्रेक्षकांचं सोडा. का?"

"अगं, साबणवाले पैसे देतात म्हणून ही मालिका चालते. त्यांचं म्हणणं, अंतराळात आजीबाई कशाला? मी काय करू? मी भांडलो त्यांच्याशी."

तो भांडला नव्हता. भांडलेला माणूस असा हात चोळत बोलत नाही.

"मग ताईंना का नाही सांगितलं?"

"सांगणार ना. पॅकअपनंतर सांगतो. आत्ता सांगितलं तर त्या रडतील, मेकअप जाईल, खाणीची परवानगी आजच्या दिवसाची आहे. शिवाय त्यांना बीपी आहे." मग त्याने आवाज मऊ केला. "आणि हे बघ, पुढच्या भागापासून मोहिमेची सूत्रं डॉक्टरांकडे येतात. म्हणजे कॅप्टन तू. ती नवीन मुलगी तुझ्या हाताखाली. तुझ्यासाठी हे काय आहे ते तुला कळतंय ना?"

मला सगळं कळत होतं. माझं तोंड बंद ठेवायची किंमत त्याने आधीच ठरवून ठेवली होती आणि वर मी त्याचे आभार मानावेत अशीही त्याची अपेक्षा होती.

"तुम्ही आत्ता सांगा," मी म्हटलं. "नाहीतर मी सांगते."

"तू सांगितलंस आणि त्यांना काही झालं, तर ते तुझ्या डोक्यावर." एवढं बोलून तो पुन्हा सावली मोजायला गेला.

मी प्रधानकडे गेले. प्रधान नाटकात इंदुताईंचा मुलगा झाला होता, एका नाही, अनेक नाटकांत. त्यांच्या घरी जेवला होता, त्यांच्या हातचं लोणचं बरणी भरून नेत होता. तो आणि शिरीष डबा खात बसले होते.

"तुम्हाला माहीत आहे?"

शिरीषने मान खाली घातली. प्रधान म्हणाला, "कालच कळलं."

"आणि सकाळपासून त्या तुला विचारतायत, मी जाते कुठे, तर तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, ग्रहाच्या पोटात जाता म्हणून." तो घास चावत म्हणाला. "नीलिमा, तमाशा करू नकोस. आपल्या हातात काय आहे? आज त्यांना काढलं, उद्या आपल्याला काढतील. प्रत्येकाला घर आहे."

"त्यांनाही आहे."

"म्हणून तर म्हणतो, दिवस सुखाचा जाऊ दे त्यांचा. संध्याकाळी कळेलच."

दिवस सुखाचा जाऊ दे! मूग गिळून बसायचं आणि वर ते दुसऱ्याच्या सुखासाठी बसलोय म्हणायचं. मला त्याच्या डब्याला लाथ मारावीशी वाटली. आजही वाटते.

मी शेडकडे निघाले, सांगायचं ठरवूनच निघाले, पण तेवढ्यात असिस्टंटची शिट्टी वाजली आणि सगळे आपापल्या जागेवर धावले. इंदुताई माझ्याआधी मार्कावर उभ्या. जमिनीवर चुन्याच्या फुल्या मारलेल्या होत्या. त्यांनी आपल्या फुलीवर पाय ठेवण्याआधी वाकून तिला हात लावला आणि तो कपाळाला लावला. रंगमंचावर जाताना करायच्या, तसं.

सीन असा होता. कॅप्टन पुढे, मी त्यांच्या मागे, बाजूला दोघे शास्त्रज्ञ. आदिमानवांचे ढोल ऐकू येतात. कॅप्टन वळून म्हणतात, "थांबा. इथे आपल्याला कुणीतरी बघतंय." मी घाबरून त्यांच्याकडे हात पुढे करते, त्या तो धरायला हात पुढे करतात, आणि हात हाताला लागायच्या आत त्या नाहीशा.

"रोल! ॲक्शन!"

कॅमेऱ्याची घरघर सुरू झाली. पोरांनी ढोल बडवले. इंदुताई वळल्या. "थांबा," त्या म्हणाल्या, आणि काय सांगू, त्या पुठ्ठ्याच्या हेल्मेटमधूनही अंगावर काटा आला. "इथे आपल्याला कुणीतरी बघतंय."

मी हात पुढे केला. त्यांनी केला.

"फ्रीज!"

थिजलो. घरघर थांबली. माझी बोटं त्यांच्या बोटांपासून पेरभर लांब.

"फार छान, ताई," गुप्ते लाडाने म्हणाला. "आता हळूच बाहेर या. बाकीचे कोणी हलू नका. नीलिमा, हात तसाच."

इंदुताई हलल्या नाहीत. हात तसाच ठेवून, ओठ जेमतेम उघडून त्या मला म्हणाल्या, "आता तरी सांग गं. बाहेर पडताना मनात काहीतरी हवं. मी जाते कुठे?"

त्यांच्या डोळ्यांत इतकं कुतूहल होतं. साठी उलटलेली बाई, आणि नवी भूमिका मिळालेल्या मुलीसारखं.

"घरी," मी म्हटलं. "ताई, तुम्ही घरी चाललाय. तुम्हाला काढलंय. तुम्ही परत येत नाही. पुढच्या भागात तुमचा सूट दुसरी बाई घालणार आहे. इथे सगळ्यांना माहीत आहे, फक्त तुम्हाला सांगितलेलं नाही."

मी हे मोठ्याने म्हणाले. मला कुजबुजायचं नव्हतं.

गुप्तेच्या हातातला कागद फडफडत होता. माझ्या डाव्या बाजूला प्रधान आणि शिरीष अजून थिजलेलेच होते. प्रधानच्या हातात किरणांची बंदूक होती, ती त्याने तशीच वर धरून ठेवली होती, कारण "कट" असं कोणी म्हणालं नव्हतं! समोर त्याच्या नाटकातल्या आईचं काय झालंय ते त्याला दिसत होतं, आणि हा माणूस बंदूक धरून उभा.

इंदुताईंनी हात खाली घेतला. हेल्मेट काढलं. केस घामाने कपाळाला चिकटले होते.

"खरं का रे गुप्ते?"

"ताई, मी तुम्हाला सांगणारच होतो. पॅकअपनंतर. आपण चहा घेत बोलू. आता तेवढ्या बाहेर या, लाईट जातोय."

"खरं का, एवढंच सांग."

"हो."

त्यांनी मान हलवली आणि फुलीवरच, खडीवर, फतकल मारून बसल्या.

"ताई! अहो, फ्रेममध्ये बसू नका. रिकामी फ्रेम हवी मला."

"मी बाहेर येणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी गायब होणार नाही. काढायचं तर काढ. तुझी मालिका आहे. मला काही कोणी पहिल्यांदा काढत नाहीये. विजापूरच्या मुक्कामात मी तापाने पडले होते. सकाळी डोळे उघडले तर बिऱ्हाडात मी एकटी. कंपनीची मोटार पुढच्या गावाला गेलेली, माझ्या साड्या घेऊन. संध्याकाळी माझ्या जागी दुसरी उभी राहिली आणि लोकांना वाटलं, हीच ती." त्यांचा आवाज चढत गेला. "काढा रे, पण सांगून काढा. लोकांनी मला कॅप्टन म्हणून सलाम केलेत. त्या बाईला मरण दे. गोळी घाल, दगड घाल डोक्यात, त्या पोरांकडून भाला मारव. मरते मी. मरायला मला येतं. पण बाई मेली हे लोकांना दिसू दे. अशी पुसून टाकू नकोस मला, पाटीवरच्या अक्षरासारखी."

"ताई, कथेत ते बसत नाही. गूढ आहे ना ते."

"मग बस वाट बघत. ऊन काही तुझ्यासाठी थांबायचं नाही."

मी पुढे केलेला हात खाली घेतला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. तेव्हा कुठे प्रधानने बंदूक खाली केली.

गुप्ते येरझारा घालू लागला. खाणीच्या भिंतीची सावली खडीवरून आमच्याकडे सरकत होती आणि ती फुलीवर आली की त्याचा शॉट मेला, हे त्याला आमच्याइतकंच माहीत होतं. त्याने ताईंना समजावलं, मग धमकावलं, मग पुन्हा समजावलं. शेवटी तो कॅमेरामन जेरोमजवळ गेला, त्याच्या कानात काहीतरी बोलला आणि तोंड हसरं करून परत आला.

"ठीक आहे, ताई. तुमचं खरं. घेऊ आपण मृत्यू. भाला लागतो आणि कॅप्टन पडतात. एकच टेक. त्यानंतर मला रिकामी फ्रेम द्यायची. कबूल?"

"कबूल."

त्यांनी हेल्मेट नीट घातलं, सुटावरची खडी झटकली. मला म्हणाल्या, "तू फक्त मला धर. बाकीचं मी बघते."

"रोल कॅमेरा!" गुप्ते जरा जास्तच मोठ्याने ओरडला. "ॲक्शन!"

एका पोराने बांबूचा भाला फेकला. तो त्यांच्यापासून चांगला लांब पडला. इंदुताईंना तो छातीत लागला. त्या आधी हसल्या, म्हणजे लागलंय हे पटलंच नाही असं. मग माझा खांदा धरला. मी त्यांना सावरत खाली बसवलं. त्यांनी सावकाश हेल्मेट काढलं आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं.

आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं. कॅमेऱ्याची घरघर ऐकू येत नव्हती.

जेरोम डोळा लावून उभा होता, गुप्ते हाताची घडी घालून उभा होता, आणि कॅमेरा बंद होता. फिल्म वाचवत होता तो. म्हातारीचा हट्ट पुरवून मोकळा होत होता.

काय करायला हवं होतं मी? उठून त्याच्या थोबाडीत मारायला हवी होती. माझे हात त्यासाठीच शिवशिवत होते. पण त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि त्या बोलत होत्या. त्यांचा प्रयोग चालू होता. मी दात आवळून त्यांचे केस मागे सारले.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "पोरांना परत ने. ह्या लोकांवर शस्त्र चालवू नका. त्यांच्या अंगणात आपण न विचारता आलो. घाबरून मारलं त्यांनी." श्वास घ्यायला त्या थांबल्या. "आणि पृथ्वीवर जाऊन सांग, कॅप्टन हरवली नाही. कॅप्टन इथे आहे. इथेच आहे. कोणी विचारलं तर जागा दाखव."

यातला एकही शब्द कुणी लिहिलेला नव्हता. त्यांची मान माझ्या हातावर जड झाली. डोळे उघडेच राहिले. मी ते मिटले, आणि माझा हात ओला झाला.

गोणपाटातली पोरं खडीवर बसली होती. एक जण हुंदके देत होता, त्याच्या गालावरची राख ओघळली होती. सोपानदादा शेडमधून बाहेर येऊन टोपी हातात धरून उभे होते. प्रधान रडत होता. त्याला रडू येत होतं म्हणून मला त्याचा आणखीच राग आला. कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवल्या.

"कट, कट. अप्रतिम, ताई," गुप्ते म्हणाला. "काय केलंत तुम्ही! चला, आता रिकामी फ्रेम."

इंदुताई उठून बसल्या. गुप्तेकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"जेरोम, चालू होता का रे तो?"

जेरोमने मान खाली घातली.

"ताई, काय झालं, फिल्मच्या मॅगझिनमध्ये जरा—" गुप्ते सुरू झाला.

"तू गप्प बस. मला कान आहेत. पहिल्या वाक्यालाच कळलं मला."

"मग का केलंत?" मी किंचाळलेच. "ताई, तुम्हाला माहीत होतं, आणि तरी ह्या माणसासमोर—"

"ह्याच्यासमोर कशाला करू? ही एवढी माणसं होती की." त्या हातावर जोर देऊन उभ्या राहिल्या. "माझी कुठली नाटकं कॅमेऱ्यात आहेत गं? ज्यांनी बघितली, त्यांनी बघितली. मरायचं होतं मला, चारचौघांत मेले. संपलं."

त्यांनी सुटाची चेन खालपर्यंत उघडली, सूट अंगातून काढला, आतल्या सुती नऊवारीची निरी झटकली. सूट सोपानदादांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घ्या. कमरेत शिवण भरपूर सोडलेली आहे, आत घ्यायला सोपं जाईल." आणि शेडकडे चालत गेल्या. पाठ ताठ होती.

त्यांना शांत वाटलं असेल. मला नाही वाटलं. मी त्यांच्याइतकी मोठी नाही आणि व्हायची इच्छाही नाही.

"चला, चला!" गुप्ते टाळ्या पिटत होता. "सावली आली बघा. मार्कावर! मघाचीच पोझ. जरा इकडेतिकडे झालं तरी चालेल, मध्ये पांढरी चमक टाकू."

शिरीष आपल्या फुलीवर गेला. प्रधानने डोळे पुसले, बंदूक उचलली आणि आपल्या फुलीवर जाऊन ती बरोबर मघाच्या कोनात धरली. मी होते तिथेच उभी राहिले.

"नीलिमा, मार्कावर."

"नाही."

"हे बघ, आता बस झालं. तू फ्रेममध्ये नसलीस तर चमक गेल्यावर तूही दिसणार नाहीस. दोघी गायब झाल्यासारखं होईल."

"होऊ दे."

"परत आणणार नाही मी तुला. लक्षात ठेव. पुढच्या भागापासून कॅप्टन आहेस तू."

"कॅप्टनचा सूट ती साबणवाली घालतेय ना. तिलाच करा."

"नीलिमा, शेवटचं विचारतो."

सावली पहिल्या फुलीला टेकली होती. माझ्याशी आणखी भांडायला त्याच्याकडे ऊन नव्हतं. मी फ्रेमच्या बाहेर जाऊन उभी राहिले, कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भिंतीकडे बघितलं, शिवी हासडली आणि ओरडला, "रोल!"

या वेळी घरघर स्वच्छ ऐकू आली.

त्यानंतर मला टीव्हीवर कोणी उभं केलं नाही. गुप्तेने माझ्याबद्दल काय सांगायचं ते सगळीकडे सांगून ठेवलं होतं. मी पुन्हा नाटकात गेले, मिळेल ते काम केलं. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तो भाग दाखवला गेला आणि लोक वेडे झाले. दोन बायका एकमेकींकडे हात पुढे करतात, हात हातात येणार तेवढ्यात पांढरी चमक, आणि दोघीही नाहीत. उरतात दोन थिजलेले पुरुष. वर्तमानपत्रात आलं की मराठी टीव्हीवर असं दृश्य झालेलं नाही. गुप्तेला त्यासाठी बक्षीस मिळालं. मुलाखतीत त्याला विचारलं, दोघींना एकदम नाहीसं करायची कल्पना कशी सुचली? तो म्हणाला, पहाटे अर्धवट झोपेत सुचली. अजूनही कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमात ते दृश्य दाखवतात, आणि तो पांढऱ्या दाढीवरून हात फिरवत तेच सांगतो. मी टीव्ही बंद करते आणि घरात भांडी आपटते. माझ्या मुलीला वाटतं, आईला एव्हाना विसरायला हवं होतं. का विसरू?

पण ज्या संध्याकाळी तो भाग पहिल्यांदा लागला, तेव्हाचं सांगते. भाग संपतो न संपतो तोच आमच्या खालच्या मजल्यावरच्यांचा फोन वाजला. माझ्यासाठी, सांगलीहून. मी चप्पलही न घालता धावले. मला वाटलं, त्या रडत असतील. त्यांच्या मरणाचा एक सेकंदसुद्धा पडद्यावर आला नव्हता. काय बोलायचं याची मी जिन्यात जुळवाजुळव करत होते.

"नीलू, बघितलंस का?"

"बघितलं, ताई."

"इथे घर भरलं होतं नुसतं. सगळे विचारायला लागले, आजी, तुम्ही गेलात ते गेलात, पण ती डॉक्टर कशी गेली तुमच्याबरोबर? तिला तर कोणी धरलेलं दिसलं नाही."

"मग? काय सांगितलंत?"

फोनमध्ये खरखर होती. त्यातून त्यांचा आवाज आला, कॅप्टनचा.

"सांगितलं, तिला कोणी नेलं नाही. ती आली."